न्यायमूर्ती आजारी पडतात तेव्हा...

३१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना पक्षाघाताचा झटका आला. नववर्षाच्या सुटीसाठी ते बहामा बेटांवरील नसाऊ येथे गेले होते. त्या वेळी त्यांचे वय ७६ होते आणि न्यायासनावर त्यांना पस्तीस वर्षे झाली होती. काही महिन्यांनी चाकाच्या खुर्चीतून ते न्यायालयात परतले. परंतु शरीराची डावी बाजू निकामी झालेली, वेदना असह्य आणि अवधान टिकत नाही, अशी त्यांची अवस्था होती. राजीनामा देण्यास मात्र ते तयार नव्हते. अखेर ऑक्टोबर १९७५ मध्ये त्यांच्या आठ सहकाऱ्यांपैकी सात जणांनी आपसांत एक निर्णय घेतला. ज्या खटल्याचा निकाल केवळ डग्लस यांच्या एका मतावर फिरत असेल, तो निकाल जाहीरच करायचा नाही, असे ठरले. या निर्णयाची बाहेर वाच्यता झाली नाही. आठवे न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी त्याला लेखी विरोध नोंदविला. सहकाऱ्याचे मत काढून घेण्याचा अधिकार राज्यघटनेने न्यायमूर्तींना दिलेला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १२ नोव्हेंबर १९७५ रोजी डग्लस यांनी निवृत्ती पत्करली.

या प्रसंगात खलनायक कोणीच नाही. सात न्यायमूर्तींना पक्षकारांच्या हिताची चिंता होती, व्हाइट यांना घटनेची आणि डग्लस यांना आयुष्यभराच्या कार्याची. तरीही जे घडले ते न्यायसंस्थेला शोभणारे नव्हते. न्यायमूर्ती आता काम करू शकत नाही, हे ठरवायचे कोणी? त्याला निवृत्त करायचे कसे? आणि या अधिकाराचा उपयोग नकोशा झालेल्या न्यायमूर्तीला घालविण्यासाठी होणार नाही, याची हमी काय? डग्लस यांच्यासंदर्भात उभे राहिलेले हे प्रश्न प्रत्येक लोकशाही देशाला केव्हा ना केव्हा सोडवावे लागतात. भारताने त्यांपैकी काही सोडविले आहेत. एक महत्त्वाचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे.

आजार की अपराध?

अमेरिकी राज्यघटनेने संघीय न्यायाधीशांना तहहयात पद दिले. वर्तन चांगले असेपर्यंत त्यांना कोणी हात लावू शकत नाही. पदावरून दूर करण्याचा मार्ग एकच, तो महाभियोगाचा, आणि त्यासाठी देशद्रोह, लाचखोरी किंवा तत्सम गंभीर अपराध घडावा लागतो. आजाराचा उल्लेख घटनाकारांनी केला नाही. त्याचे परिणाम लवकरच दिसू लागले.

न्यू हॅम्पशायरचे जिल्हा न्यायाधीश जॉन पिकरिंग हे त्यांच्या काळातील मान्यवर कायदेपंडित होते. पुढे त्यांचे मानसिक संतुलन ढळले, मद्याचे व्यसनही जडले. १८०१ च्या कायद्याने अशा वेळी वरिष्ठ न्यायालयातील न्यायाधीशाकडे ते काम सोपविण्याची सोय केली होती आणि पिकरिंग यांच्या बाबतीत तिचा उपयोगही झाला होता. परंतु १८०२ मध्ये राजकीय वादात तो कायदाच रद्द झाला आणि आजारी न्यायाधीश पुन्हा खुर्चीवर आला. आता उरला केवळ महाभियोग. पिकरिंग यांच्या मुलाने वडील वेडसर झाले असल्याचे निवेदन सिनेटला केले. जो माणूस भानावरच नाही, त्याच्याकडून अपराध घडला असे म्हणायचे कसे, हा पेच सिनेटसमोर उभा राहिला. सिनेटने १२ मार्च १८०४ रोजी त्यांना दोषी ठरवून पदच्युत केले. अमेरिकेच्या इतिहासात महाभियोगाने पद गमावणारा पहिला न्यायाधीश हा असा एक रुग्ण होता. कायद्यात रुग्णासाठी दार नव्हते, म्हणून त्याला अपराध्याच्या दारातून बाहेर काढावे लागले.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न

दुसरी अडचण अधिक व्यावहारिक होती. पद सोडले तर खायचे काय? १८६९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने न्यायाधीशांना निवृत्तीनंतरही पूर्ण वेतन देण्याचा कायदा केला. परंतु त्यासाठी वयाची सत्तर वर्षे आणि किमान दहा वर्षांची सेवा, अशा दोन्ही अटी होत्या. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांना १८७९ च्या सुमारास पक्षाघात झाला. दहा वर्षे भरण्यास अवधी होता. राजीनामा द्यावा तर निवृत्तिवेतन नाही. म्हणून ते सुमारे तीन वर्षे काम न करता पदावर राहिले. नऊ न्यायमूर्तींच्या न्यायालयातील एक खुर्ची तेवढा काळ रिकामी राहिली. शेवटी १८८२ मध्ये काँग्रेसने केवळ त्यांच्यासाठी खास कायदा केला. तीस दिवसांच्या आत पद सोडल्यास निवृत्तिवेतन मिळेल, अशी त्यात अट होती. हंट यांनी लगोलग राजीनामा दिला. १९१० मध्ये न्यायमूर्ती विल्यम मूडी यांना सांधेदुखीच्या दुर्धर आजाराने घेरले, तेव्हा पुन्हा असाच एका व्यक्तीपुरता कायदा करावा लागला.

या अनुभवातून आजची व्यवस्था आकाराला आली. कायमचे अपंगत्व आलेला संघीय न्यायाधीश वयाची अट न लावता निवृत्त होऊ शकतो. दहा वर्षांची सेवा झाली असेल तर त्याला आयुष्यभर पूर्ण वेतन मिळते, त्याहून कमी असेल तर निम्मे. न्यायाधीश स्वतः पुढे येत नसेल, तर त्या विभागाच्या न्यायिक परिषदेतील बहुसंख्य सदस्य त्याच्या असमर्थतेचे प्रमाणपत्र राष्ट्राध्यक्षांकडे पाठवू शकतात आणि त्यावरून एक जादा न्यायाधीश नेमता येतो. आजारी न्यायाधीशाचे पद आणि वेतन शाबूत राहते. मात्र न्यायदानाचे काम अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाला मात्र ही सक्तीची तरतूद लागू नाही. डग्लस यांच्या सहकाऱ्यांना आपसांत तोडगा काढावा लागला तो त्यामुळेच.

पैशाची सोय झाली म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे, हेही तेथील इतिहास सांगतो. १८६९ मध्ये थकलेले न्यायमूर्ती रॉबर्ट ग्रिअर यांना निवृत्तीचा सल्ला देण्यासाठी जे सहकारी गेले, त्यांत स्टीफन फील्ड होते. पुढे पाव शतकानंतर स्वतः फील्ड यांची स्मृती दगा देऊ लागली. त्यांना ग्रिअर यांच्या प्रसंगाची आठवण करून देण्याची कामगिरी न्यायमूर्ती हार्लन यांच्यावर आली आणि फील्ड यांनी ती संतापाने परतवून लावली, असे सांगितले जाते. फील्ड यांना निवृत्तिवेतनाची चिंता नव्हती, डग्लस यांनाही नव्हती. आपली शक्ती ओसरली आहे, हे ज्याला कळायला हवे त्यालाच ते कळेनासे होते. या आजाराचे खरे अवघडपण ते हेच.

भारतीय राज्यघटनेची वाट

भारताच्या घटनाकारांनी अमेरिकेतील उणीव टाळली. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातच न्यायाधीशाला दूर करण्याची दोन स्वतंत्र कारणे होती. गैरवर्तन हे एक आणि मनाची किंवा शरीराची दुर्बलता हे दुसरे. त्याबाबत प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीचा अभिप्राय आवश्यक होता. स्वतंत्र भारताच्या घटनेत अनुच्छेद १२४ च्या चौथ्या खंडाने हाच भेद राखला. सिद्ध झालेले गैरवर्तन अथवा असमर्थता या दोनच कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला दूर करता येते. उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींनाही अनुच्छेद २१७ आणि २१८ अन्वये हीच तरतूद लागू आहे. आजारी न्यायमूर्तीला गुन्हेगार ठरविण्याची गरज आपल्याकडे नाही.

प्रक्रिया मात्र दोन्हींसाठी सारखीच कठोर आहे. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यानुसार लोकसभेच्या किमान शंभर किंवा राज्यसभेच्या किमान पन्नास सदस्यांच्या सह्यांचा प्रस्ताव लागतो. तो दाखल करून घेतल्यास सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, एखाद्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत विधिज्ञ अशा तिघांची समिती चौकशी करते. न्यायमूर्तीने असमर्थतेचा आरोप नाकारला, तर समिती त्याच्या तपासणीसाठी वैद्यकीय मंडळाची व्यवस्था करू शकते. या मंडळाची नियुक्ती लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती करतात, सरकार करीत नाही. न्यायमूर्तीने तपासणीस नकार दिला, तर आरोपात म्हटलेली असमर्थता खरी असल्याचे समितीला गृहीत धरता येते. एवढे झाल्यावरही दोन्ही सभागृहांनी एकाच अधिवेशनात, एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोनतृतीयांश मताधिक्याने ठराव संमत करावा लागतो. असमर्थतेच्या कारणावरून आजवर एकाही न्यायमूर्तीला संसदेने दूर केलेले नाही.

ही भिंत मुद्दाम उंच बांधलेली आहे, हे इतर पदांशी तुलना केल्यास ध्यानात येते. केंद्राचे महान्यायवादी राष्ट्रपतींची आणि राज्याचे महाधिवक्ता राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पदावर असतात. ते सरकारचे वकील आहेत. अशिलाने वकील बदलण्यासाठी वैद्यकीय मंडळाची आवश्यकता नसते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगासारख्या आयोगाचा अध्यक्ष अथवा सदस्य मनाच्या किंवा शरीराच्या दुर्बलतेमुळे अपात्र झाला आहे, असे राष्ट्रपतींचे मत झाल्यास अनुच्छेद ३१७ अन्वये त्याला थेट आदेशाने दूर करता येते. नियंत्रक व महालेखापरीक्षक आणि मुख्य निवडणूक आयुक्त यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीइतकेच संरक्षण आहे. सरकारविरुद्ध बोलण्याची वेळ ज्या पदावर अधिक, त्या पदाची भिंत अधिक उंच, असे हे सूत्र आहे. एखाद्या सरकारला अडचणीच्या न्यायमूर्तीला आजारी ठरवून घरी पाठविता आले असते, तर गैरवर्तनाचे आरोप करण्याचीही गरज उरली नसती.

स्वेच्छेची सोय

जाणाऱ्याची वाट अडू नये, याचीही तजवीज आपल्या कायद्यांत आहे. न्यायमूर्ती राष्ट्रपतींना पत्र लिहून केव्हाही राजीनामा देऊ शकतात. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या सेवाशर्तींविषयीच्या १९५४ च्या कायद्यात निवृत्तिवेतनासाठी तीन पर्याय सांगितले आहेत. बारा वर्षांची सेवा, वयाची बासष्ट वर्षे पूर्ण होणे, अथवा प्रकृतीच्या कारणामुळे निवृत्ती अपरिहार्य असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, यांपैकी एक पुरेसा आहे. तिसऱ्या पर्यायाचे मोल मोठे आहे. वकिली सोडून पन्नाशीच्या आसपास न्यायमूर्ती झालेल्या व्यक्तीला चार-पाच वर्षांतच असाध्य व्याधीने गाठले, तर पहिले दोन्ही पर्याय तिला बंद असतात. वॉर्ड हंट यांच्यासारखी वेळ तिच्यावर येऊ नये, ही काळजी या एका ओळीने घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी असलेल्या १९५८ च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे.

निवृत्तिवेतन हे न्यायालयीन स्वातंत्र्याचेच एक अंग आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी घेतली आहे. मे २०२५ मधील निकालात न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींना वर्षाला साडेतेरा लाख आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्तींना पंधरा लाख रुपये पूर्ण निवृत्तिवेतन देण्याचे आदेश दिले. न्यायमूर्ती वकिलीतून आले की जिल्हा न्यायालयातून, आणि ते कधी निवृत्त झाले, यावरून भेद करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

तालुका आणि जिल्हा न्यायालयांतील न्यायाधीशांची गोष्ट निराळी आहे. ते राज्याच्या न्यायिक सेवेत असतात आणि अनुच्छेद २३५ अन्वये त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. त्यांच्यासाठी संसदेचा लांबचा मार्ग नाही. सेवानियमांखाली वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावरून रुग्णता निवृत्तिवेतन घेऊन निवृत्त होण्याची पद्धत त्यांना लागू पडते. देशातील बहुसंख्य पक्षकारांचा संबंध याच न्यायाधीशांशी येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या नियमांचे महत्त्व पटते.

अपंगत्व म्हणजे असमर्थता नव्हे

येथे एक गल्लत टाळणे आवश्यक आहे. शरीराचा एखादा अवयव किंवा इंद्रिय निकामी होणे आणि न्यायदानास असमर्थ होणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचे न्यायमूर्ती झॅक याकूब यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. भारतीय वंशाच्या या न्यायमूर्तींनी १९९८ ते २०१३ अशी पंधरा वर्षे त्या देशाच्या सर्वोच्च घटनात्मक पीठावर काम केले. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयात डेव्हिड टॅटल या दृष्टिहीन न्यायाधीशांनी १९९४ पासून जवळपास तीस वर्षे न्यायदान केले.

भारतात या विचाराला मार्च २०२५ मध्ये न्यायालयीन मान्यता मिळाली. दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही न्यायाधीशपदाची संधी नाकारता येणार नाही, असा निर्वाळा न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या पीठाने दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढू नये, त्याला झेपेल असे दुसरे काम द्यावे, असे तत्त्व आहे. तेव्हा निवृत्तीचा विचार हा शेवटचा असला पाहिजे. वाचनासाठी साहाय्यक, योग्य संगणक प्रणाली, चढउताराची सोय, कामाचे सुलभ वेळापत्रक हे सारे देऊनही काम होत नसेल, तरच असमर्थतेचा प्रश्न उपस्थित होतो. पुरावा समजून घेणे, युक्तिवाद लक्षात ठेवणे आणि कारणे देऊन निर्णय करणे ही न्यायाधीशाची खरी कामे. त्यांची क्षमता शाबूत आहे काय, एवढीच कसोटी असावयास हवी.

मधली मोकळी जागा

असे असूनही आपली व्यवस्था एका ठिकाणी अपुरी पडते. स्वतःहून जाणाऱ्यासाठी सन्मानाचे दार उघडे आहे. ज्याला दूर करणे भागच आहे त्याच्यासाठी संसदेची उंच भिंत आहे. परंतु जो आजारी आहे आणि आपण आजारी आहोत हे ज्याला उमजत नाही, त्याचे काय? किंवा जो बेशुद्धावस्थेत आहे आणि राजीनाम्यावर सही करण्यासही समर्थ नाही, त्याचे काय? अशा माणसाच्या नावाचा प्रस्ताव संसदेत मांडून त्याच्या व्याधीची जाहीर चर्चा करणे कोणालाच प्रशस्त वाटणार नाही. मग काम चालते ते अनौपचारिक तडजोडीवर. कोणते प्रकरण कोणत्या पीठाकडे द्यायचे, हा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा आहे. त्यांनी मनात आणल्यास एखाद्या सहकाऱ्याकडे हलके काम देता येते किंवा काम देणे थांबविताही येते. अनुच्छेद २२४ अन्वये, उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती काम करू शकत नसेल त्या काळापुरता कार्यकारी न्यायमूर्ती नेमण्याची मुभाही राष्ट्रपतींना आहे. परंतु असमर्थता ठरविण्याची कार्यपद्धती त्यात सांगितलेली नाही.

अशी पद्धत नसली म्हणजे काय होते, याची झलक २०१७ मध्ये दिसली. कलकत्ता उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती सी. एस. कर्णन यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अवमानाची कारवाई सुरू होती. १ मे रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांच्या मानसिक आरोग्याच्या तपासणीचा आदेश दिला. आपण ठणठणीत आहोत, असे सांगून कर्णन यांनी तपासणीस नकार दिला. ९ मे रोजी त्यांना अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. संसदेत प्रस्ताव नव्हता, त्यामुळे १९६८ च्या कायद्यातील वैद्यकीय मंडळ आणि त्यासोबतची संरक्षणे यांचा येथे संबंधच आला नाही. न्यायमूर्तीच्या मनःस्वास्थ्याचा नाजूक प्रश्न अवमानाच्या खटल्यात, देशभरच्या कॅमेऱ्यांसमोर चर्चिला गेला आणि अनुत्तरितच राहिला. कर्णन यांच्या वर्तनाविषयी कोणाचे काहीही मत असो, अशा तपासणीची योग्य जागा ही नव्हती.

ब्रिटनने ही मधली जागा मोजक्या शब्दांत भरली आहे. तेथेही वरिष्ठ न्यायाधीशाला दूर करण्याचा अधिकार संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विनंतीवरूनच वापरला जातो. मात्र १९८१ च्या कायद्यात एक पोटकलम आहे. न्यायाधीश कायमच्या दुर्बलतेमुळे कर्तव्य पार पाडण्यास असमर्थ आहे आणि राजीनामा देण्याच्याही स्थितीत नाही, अशी वैद्यकीय प्रमाणपत्रावरून खात्री पटल्यास लॉर्ड चान्सलर ते पद रिक्त झाल्याचे जाहीर करू शकतात. परंतु मंत्र्याला हे एकट्याने करता येत नाही. संबंधित ज्येष्ठ न्यायमूर्तींची संमती लागते. २००५ च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने तेथील सर्वोच्च न्यायालयासाठीही अशीच सोय केली. डॉक्टरांचा दाखला, न्यायमूर्तींची संमती आणि सरकारची घोषणा अशा तीन किल्ल्या एकत्र लागल्याशिवाय हे कुलूप उघडत नाही.

भारतात अशी तरतूद करायची तर घटनादुरुस्ती लागेल आणि ती सावधपणेच करावी लागेल. सरकारच्या हाती यातील एकही किल्ली एकटी पुरेशी असता कामा नये. तपासणी गोपनीय हवी, तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय हवी आणि निवृत्त होणाऱ्याचे वेतन व मान यांत तसूभरही उणे पडता कामा नये. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे निवृत्तीचे वय बासष्टवरून पासष्ट करण्याचे विधेयक २०१० मध्ये संसदेत मांडले गेले होते. ते पुढे बारगळले, तरी मागणी संपलेली नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये ही मर्यादा सत्तरवरून पंचाहत्तर केली. वय वाढवायचे असेल, तर आजारपणाचा प्रश्नही त्याच वेळी सोडविला पाहिजे.

न्यायाधीशाचे आजारपण ही त्याच्या घरची दुःखद गोष्ट असते आणि तिच्याविषयी चारचौघांत बोलू नये, हा संकोच सुसंस्कृतपणाचाच आहे. पण त्या न्यायासनासमोर कोणाची जमीन, कोणाचा जामीन, कोणाच्या मुलाचा ताबा पणाला लागलेला असतो. आपला निकाल ज्याने दिला त्याला आपले म्हणणे समजले होते, एवढी खात्री त्या पक्षकाराला हवी असते. ती देणे हे कायद्याचे काम आहे. सहकाऱ्यांच्या भिडेवर ते सोडून चालणार नाही.